प्रकल्प कुणाचा? तुमचा की बाबांचा?

रविवारची संध्याकाळ. दप्तर भरता भरता तुम्हाला एकदम आठवतं आणि तुम्ही स्वयंपाकघराकडे धावता, “आई, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय!”

मग काय विचारता! घरात एकच धांदल. बाबा गाडी काढून औरंगपुऱ्यात जातात आणि थर्माकोल, चिकटपट्टी, रंग घेऊन येतात. ताई मोबाइलवर माहिती शोधून देते. आई ती सुंदर अक्षरात लिहून काढते. बाबा थर्माकोल कापतात. आणि तुम्ही? तुम्ही डिंकाची बाटली हातात धरून जांभया देत बसलेले! रात्री अकरा वाजता ज्वालामुखी तयार होतो. आत खायचा सोडा टाकून वरून लाल रंगाचं व्हिनेगर ओतलं, की फसफसून फेस बाहेर येतो. सोमवारी वर्गात टाळ्या पडतात. आठ दिवसांनी ज्वालामुखी माळ्यावर जातो आणि दिवाळीच्या साफसफाईत तिथून थेट कचऱ्यात.

आता खरं खरं सांगा, मुलांनो. हा प्रकल्प कुणी केला? तुम्ही की बाबांनी?

रागावू नका. बऱ्याच घरांत असंच होतं. पण गडबड रविवारी संध्याकाळी झालेली नसते. ती त्याच्या फार आधी, विषय निवडतानाच झालेली असते. म्हणून आज आपण विषय कसा निवडायचा, याच्याच गप्पा मारू या. आई-बाबांनो, तुम्हीही शेजारी बसा. यातलं थोडं तुमच्यासाठीही आहे, बरं का!

पाहिलाय का कुणी?

ज्वालामुखीचंच घ्या. भारतात जागृत ज्वालामुखी एकच आहे, तोही अंदमानच्या समुद्रातल्या बॅरन बेटावर. तुमच्या वर्गातल्या किती जणांनी तो पाहिलाय? बहुधा एकानंही नाही. तिथं जाता येत नाही, काही मोजता येत नाही, कुणाला विचारता येत नाही. मग उरतं काय? पुस्तकातून नाहीतर मोबाइलवरून उतरवून काढणं. ते काम आई तुमच्यापेक्षा नीट करते, म्हणून ते आपोआप आईकडे जातं. डायनोसॉर, अंतराळ, ध्रुवावरची पांढरी अस्वलं यांचंही तसंच होतं.

मग हे विषय वाईट का? अजिबात नाही! त्यांच्यावरची पुस्तकं जरूर वाचा, चित्रं बघा. पण वाचणं वेगळं आणि शोध घेणं वेगळं.

शोध घ्यायचा म्हणजे आधी मनात एक प्रश्न यायला हवा. उत्तर काय असेल, याचा आपण अंदाज बांधायचा. मग जाऊन बघायचं, विचारायचं, मोजायचं, करून पाहायचं. आणि अंदाज चुकला की म्हणायचं, “अरेच्चा!” ज्या प्रकल्पात हा ‘अरेच्चा’ एकदाही आला नाही, तो प्रकल्प कितीही देखणा असला तरी त्यात तुम्ही काही शोधलं नाही, असं खुशाल समजा.

मोठ्या माणसांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली होती. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सूतकताईसारख्या हातानं करायच्या कामातून मुलांनी शिकावं, हा ‘नई तालीम’चा विचार तिथं पुढे आला. १९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डी या गावी खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. बालवाडीची महागडी साधनं तिथं परवडणारी नव्हती. मग ताराबाईंनी आणि अनुताई वाघांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे हेच साहित्य वापरलं. मुलं त्यावरच मोजायला आणि ओळखायला शिकली. १९९३ पासून भरत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेतही दहा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींनी आपल्या परिसरातलाच एखादा प्रश्न घ्यावा, अशी अपेक्षा असते. थोडक्यात काय, शोध जवळून सुरू करायचा.

पाच प्रश्नांची चाळणी

पण जवळचे विषय तर शंभर असतात. त्यातला कुठला घ्यायचा? त्यासाठी पाच प्रश्नांची एक चाळणी करू. उदाहरणासाठी विषय घेऊ अगदी साधा: कोपऱ्यावरचं पंक्चरचं दुकान. हसू नका! आधी चाळून तर बघा.

पहिला प्रश्न : त्याला हात लावता येतो का? ट्यूब, टायर, पाना, हवेचा पंप. सगळं समोर आहे. काका हो म्हणाले, तर हातातही घेता येतं. पास!

दुसरा प्रश्न : पुन्हा पुन्हा जाता येतं का? एकदा बघून कधीच सगळं कळत नाही. घरी आल्यावर नवे प्रश्न सुचतात आणि परत जावंसं वाटतं. सहल वर्षातून एकदाच जाते. पंक्चरचं दुकान मात्र शाळेच्या वाटेवरच असतं. पास!

तिसरा प्रश्न : विचारायला माणूस आहे का? हे काका इतकी वर्षं हेच काम करतायत. ट्यूबला सोल्युशन लावण्याआधी ते कानशीनं घासतात का? दिवसभरात जास्त पंक्चर कशामुळे होतात, खिळ्यांमुळे, काचांमुळे की बाभळीच्या काट्यांमुळे? हे त्यांच्याइतकं दुसरं कोण सांगणार? जाण्याआधी चार-पाच प्रश्न वहीत लिहून न्या आणि गिऱ्हाईक नसेल ती वेळ गाठा. पास!

चौथा प्रश्न : आपल्याला काही करून पाहता येतं का? एक जुनी ट्यूब मागून आणा. हवा भरा आणि पाण्याच्या घमेल्यात बुडवून फिरवा. जिथून बुडबुडे येतात, तिथं भोक! पण बुडबुडे वरच का जातात? ट्यूब बुडवून धरायला जोर का लावावा लागतो? बघा, एका घमेल्यातून विज्ञानाचे दोन धडे निघाले. पास!

पाचवा प्रश्न : वर्गातल्या प्रत्येकाला त्यात जागा आहे का? हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि नेमका हाच विसरला जातो. समजा विषय आहे ‘विमानप्रवास’. जे विमानात बसलेत ते चार जण बोलणार, बाकीचे ऐकणार. पण विषय पंक्चरचा असला तर? ज्याच्या वडिलांचं गॅरेज आहे, किंवा ज्याची सायकल दर आठवड्याला रुसते, तो तज्ज्ञ! रोज मागच्या बाकावर गप्प बसणारा एखादा मुलगा त्या दिवशी सगळ्या वर्गाचा गुरुजी होतो. विषय निवडताना आपण नकळत हेही ठरवत असतो, की वर्गात बोलायची संधी कुणाला मिळणार.

पाचही प्रश्नांत पास! आणि खर्च? एक वही आणि एक पेन्सिल.

विषय केवढा हवा?

आता एक गंमत. विषय जवळचा असला तरी तो फार मोठा असू शकतो. ‘पाणी’ हा विषय घेतलात, तर समुद्र, पाऊस, नद्या, धरणं, प्रदूषण... वही संपेल, विषय संपणार नाही! मग पुन्हा उतरवून काढणं आलं. म्हणून मोठ्या विषयाचा छोटा तुकडा तोडायचा. ‘पाणी’ नको. ‘आमच्या घरी पाणी कुठून आणि कसं येतं?’ असं म्हणा.

छत्रपती संभाजीनगरच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. नळाला रोज पाणी न येणं म्हणजे काय, हे इथल्या कितीतरी घरांना गेल्या अनेक वर्षांत चांगलंच कळलंय. पाणी येण्याच्या दिवशी पाहुणे आले तरी आईचं लक्ष नळाकडेच!

मग करा सुरुवात. एक महिना कॅलेंडरवर खूण करा : पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वाजता आलं, किती वेळ टिकलं. नळाखाली बादली ठेवा आणि घड्याळ लावा. समजा, १५ लिटरची बादली ३ मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. पाणी ४५ मिनिटं राहिलं, तर आलं २२५ लिटर. ते घरात किती दिवस पुरवायचं? माणशी दिवसाला किती बादल्या येतात? हे गणित पुस्तकातलं नाही, तुमच्या घरातलं आहे. म्हणूनच ते चुकलं तर तुम्हीच पुन्हा करून बघाल.

गळणाऱ्या नळाचंही गणित करा. साधारण २० थेंबांचं एक मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब गळला, तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर पाणी! विश्वास नाही बसत? तासभर खाली भांडं ठेवा आणि मोजा.

आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या लहानपणी पाणी कुठून यायचं? आड होता का? बारव होती का? पाणी सोडणाऱ्या काकांना विचारा, तुमच्या गल्लीची पाळी कशी ठरते? वरच्या मजल्यावर पाणी आधी येतं की खालच्या? अंदाज करा आणि मग बघा.

इथून शोध आपोआप पुढे जातो. हे पाणी येतं पैठणजवळच्या जायकवाडी धरणातून, म्हणजे नाथसागरातून. हे धरण १९७६ साली पूर्ण झालं. जुन्या योजनेतलं पाणी वाटेत फारोळ्याला शुद्ध केलं जातं. पण थांबा! पैठण आहे गोदावरीच्या काठी, खोलात. आपलं शहर आहे उंचावर. मग पाणी चढ कसं चढतं? पंपांनी! पंप म्हणजे वीज आली. वीज गेली की पाणी का लांबतं, ते आता कळलं ना?

आता पाणचक्कीला जा. तिथं याच्या बरोब्बर उलट गंमत आहे. पाणचक्कीचं पाणी उत्तरेकडच्या डोंगरातून जमिनीखालच्या नळांनी येतं. डोंगर उंच, शहर खाली. म्हणून पाणी उताराउतारानं आपलं आपण येतं. ते उंचावरून पात्यांवर पडतं, पाती फिरतात आणि वरचं दगडी जातं फिरायला लागतं. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या यात्रेकरूंसाठी, फकिरांसाठी त्यावर धान्य दळलं जायचं. ना वीज, ना पंप! मलिक अंबरनं १६१० साली खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. त्यानं शहराला पाणी आणलं, तेही अशाच भूमिगत नहरीनं. तिला म्हणतात नहर-ए-अंबरी.

बघा, बादलीपासून निघालो आणि चारशे वर्षं मागे पोचलो. पण निघालो बादलीपासून, हे विसरू नका. आधीच ‘मलिक अंबरची पाणीपुरवठा व्यवस्था’ असा भारदस्त विषय घेतला असता, तर पुन्हा आईला लिहायला बसावं लागलं असतं!

एक मात्र सांभाळा. कुणाच्या घरी मोठी टाकी असते, कुणी टँकरची वाट बघतं, कुणी हंडा घेऊन लांब जातं. प्रकल्पात ‘कुणाकडे जास्त’ अशी शर्यत नको. जी मैत्रीण टँकरपुढच्या रांगेत उभी राहते, तिला पाण्याबद्दल तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तिला सांगायचं असेल, तर आधी तिचं ऐका.

कुणाला कुठला विषय?

सगळ्या वयांना एकच विषय शोभत नाही. धाकटा भाऊ बालवाडीत नाहीतर पहिली-दुसरीत असेल, तर त्याचा विषय हाताएवढा हवा. चप्पल, पाव, रिक्षा, भाजीचा गाडा. भाजीच्या गाड्यावर काय जमिनीखाली उगवतं आणि काय वर? सीताफळ बाजारात आलं, की एका फळात किती बिया निघतात? मोठ्या फळात जास्त असतात का? त्याला ‘मोगल काळातला व्यापार’ कळणार नाही, कारण चारशे वर्षं म्हणजे किती, हेच त्याला अजून कळत नाही. त्यात त्याची चूक नाही. पण बिया मोजण्यात तो तुम्हालाही हरवेल!

तिसरी ते पाचवीच्या मुलांना गोष्ट कशी बनते, हे शोधायला आवडतं. आपल्या शहरात हिमरूची किती जुनी परंपरा आहे! सुती आणि रेशमी धाग्यांचं हे कापड. त्याचा तुकडा भिंगाखाली धरा आणि उभा ताणा, आडवा बाणा शोधा. मग दोन रंगांच्या कागदी पट्ट्या घेऊन स्वतः विणून पाहा. नक्षी उठवायची तर कुठली पट्टी वर आणि कुठली खाली? जमेपर्यंत तीनदा उसवावं लागेल. उसवा!

सहावीच्या पुढच्यांनी दरवाजे घ्यावेत. आपलं शहर बावन्न दरवाजांचं म्हणून ओळखलं जातं. पण सगळे एकदम नकोत. भडकल दरवाजा, पैठण दरवाजा, दिल्ली दरवाजा यांपैकी घराजवळचा एकच निवडा. उंची मोजायची? शिडी नको, उन्हात जा. एक मीटरची काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. त्याच वेळी दरवाजाची सावली मोजा. काठीची सावली अर्धा मीटर आणि दरवाजाची पाच मीटर असेल, तर दरवाजा किती उंच? बरोब्बर, दहा मीटर! रहदारीची जागा आहे, म्हणून मोठं माणूस बरोबर हवंच. सलीम अली सरोवरावरचे पक्षीही असेच. वर्षभर एकाच जागी उभं राहून मोजलेत, तर हिवाळ्यात कोण येतं आणि उन्हाळ्यात कोण जातं, ते कळेल.

आता थोडं आई-बाबांशी

आई-बाबांनो, तुमची मदत नको असं कुणीच म्हणत नाही. फक्त ती कात्री-डिंकापेक्षा वेगळी हवी. मुलानं प्रश्न विचारला, की लगेच उत्तर देऊ नका. “तुला काय वाटतं?” असं विचारा आणि त्याचा अंदाज चुकीचा असला तरी तो लिहू द्या. त्याला त्या जागी घेऊन जा आणि दुसऱ्यांदाही घेऊन जा, कारण खरे प्रश्न दुसऱ्या खेपेला सुचतात. कुणाशी बोलायचं असेल, तर तुम्ही मागे उभे राहा, बोलू द्या त्यालाच.

आणि सगळ्यांत अवघड काम : चित्र वाकडं आलं, अक्षर गिचमिड आलं, तर ते तसंच राहू द्या. शेजारच्या मुलाचा चकचकीत तक्ता बघून जीव खालीवर होईल. पण आपल्या मुलाला हळूच विचारा, “हे तुला कसं कळलं?” तो डोळे मोठे करून दहा मिनिटं सांगत राहिला, तर निर्धास्त राहा. वाकडं चित्र पुढच्या वर्षी सरळ होईल. पण ‘आपलं काम दुसरं कुणीतरी छान करून देतं’ हे एकदा मनात बसलं, की ते काढणं फार कठीण जातं.

ज्वालामुखीचं काय झालं?

“पण मला ज्वालामुखीच आवडतो!” असं कुणीतरी म्हणणार, हे आम्हाला ठाऊक होतं. मग ऐका. तुम्ही या क्षणी बसला आहात ते ज्वालामुखीच्याच खडकावर!

खरंच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या दख्खनमध्ये जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा वाहिला. एकावर एक थर साचत गेले. तोच आपला काळा दगड, बेसाल्ट. शहराभोवतीचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना? ते या थरांमुळे. वेरूळचं कैलास लेणं याच दगडात वरून खाली कोरलंय. म्हणजे आपल्याकडचा लाव्हा थर्माकोलच्या शंकूतून आलाच नव्हता. अरेच्चा!

तेव्हा या रविवारी औरंगपुऱ्याला जाऊ नका, मैदानावर जा. काळे दगड गोळा करा. काहींना बारीक बारीक भोकं दिसतील. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या या खुणा. एखाद्या भोकात पांढरे चमकदार स्फटिक सापडले, तर उड्याच मारा! मग एक काळा दगड आणि एक विटेचा तुकडा यांचं वजन करा. दोन्ही रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पुसून पुन्हा वजन करा. कोण जास्त पाणी प्यायलं? आजीचा पाटा-वरवंटा कुठल्या दगडाचा आहे? रस्त्यावरची खडी कुठून येते?

हात लावता येतो? येतो. पुन्हा जाता येतं? येतं. विचारायला माणूस? आजी आहे, गवंडीकाका आहेत. करून पाहता येतं? येतं. सगळ्यांना जागा? दगड काय, कुणालाही सापडतो! म्हणजे विषय तोच राहिला, फक्त आपण त्याला हाताच्या अंतरावर आणलं.

आणि हो, बाबांना त्या रविवारी थोडी विश्रांती द्या. किंवा असं करा, दगड उचलायला त्यांनाही बरोबर न्या. पण वही मात्र तुमच्याच हातात ठेवा!